पहिला लूप, आणि शेजारी कोण होतं? (अनुभव धागा)

माळरान
भाचा शाळेच्या सहलीवरून, खोपोलीच्या इमॅजिका पार्कहून आलाय. कालपासून घरात दुसरा विषय नाही. नायट्रो, नायट्रो, नायट्रो, म्हणजे तिथला डोकं खाली करणारा रोलर कोस्टर. ते ऐकता ऐकता मला गोराईची लाँच आठवली.

एस्सेलवर्ल्ड 1989 ला सुरू झालं. टीव्हीवर त्याची जाहिरात लागली की आमच्या चाळीतली सगळी पोरं एका सुरात गायची. शेवटी एकदाचे बाबा घेऊन गेले. बोरीवलीहून बस, मग खाडी, सुक्या मासळीचा वास. लाँचमधून पाळण्यांची टोकं दिसायला लागली आणि पोटात गोळा आला. रोलर कोस्टरमध्ये बाबा माझ्या शेजारी. गाडी सुटायच्या आधी त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या आत टाकला आणि वरचं बटण लावलं. एरवी घरात आवाज न चढवणारे बाबा उतारावर असे काही ओरडले की मी भीती विसरून त्यांच्याकडेच बघत राहिलो.

तुमचा पहिला कोस्टर कुठला? डोकं खाली करणारा लूप असेल तर उत्तमच. लिहा.

मीनल_ठाणे
सासूबाई!! वय 61. नायट्रोच्या रांगेत फक्त सोबत म्हणून उभ्या होत्या. दारापाशी आल्यावर म्हणाल्या, "इतका वेळ उभी राहिले, आता बसूनच जाते." गाडी सुटायच्या आधी पायाखालची जमीन खरंच सरकते हो तिथे, पाय लोंबकळतात. चपला, ओढणी सगळं आधी काढून ठेवलं. पाच वेळा डोकं खाली. उतरल्यावर पहिलं वाक्य, "मीनल, केस बघ गं माझे."
बाकी नंतर लिहिते, कुकर लावायचाय.

पोहेप्रेमी
सासूबाईंना साष्टांग नमस्कार 🙏 आमच्या घरी आई आकाशपाळण्याकडे बघूनच देवाचं नाव घेते.

यंत्रवेडा
लूप खालून नीट बघा, पूर्ण गोल नसतो. पाण्याच्या थेंबासारखा, वर निमुळता. खाली वेग जास्त म्हणून तिथे वळण पसरट ठेवतात. माथ्यावर वेग कमी झालेला असतो म्हणून तिथे घट्ट. पूर्ण गोल केला तर आत शिरतानाच मानेवर जबरदस्त भार येतो. 1895 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला तसा गोल लूप होता, लोकांच्या माना धरायच्या. 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या 'रिव्होल्यूशन'ला आन्टोन श्वार्झकोफ आणि वेर्नर श्टेंगेल या जर्मन जोडीने थेंबाचा आकार दिला. तेव्हापासून लूप खऱ्या अर्थाने रुळला. आणि चाकं फक्त रुळावर नसतात, बाजूला आणि खालूनही असतात. म्हणून गाडी रूळ सोडत नाही.

पोहेप्रेमी
@यंत्रवेडा दादा, हे आईला वाचून दाखवलं. "खालून पण चाकं?" म्हणाली. थोडी विरघळलीय.

सातारी_तडका
आमच्याकडं कसला लूप. जत्रेत मौत का कुआं. फळ्यांच्या विहिरीत मोटरसायकल गरगरायची, आपण वर कठड्याला धरून उभं, अन् कठडा हातात थरथरायचा. मामानं दहाची नोट पुढं धरली होती, त्या माणसानं चालत्या गाडीवरनं अलगद उचलली. मला अजून तो हात दिसतो. तिथली भेळ पण एक नंबर.

राइनकाठ
जर्मनीतून. इथल्या युरोपा-पार्कला आम्ही आजी-आजोबांसकट जातो, कारण सगळ्या वयांना काहीतरी असतं. पार्क माक कुटुंबाचं, पाळणे बनवायचा कारखानाही त्यांचाच. इतकी वर्षं पार्क चालवून पहिला उलटा करणारा कोस्टर त्यांनी 2009 ला आणला, ब्लू फायर. 2024 ला व्होल्ट्रॉन, त्यात सात वेळा उलटं. लेक उंचीच्या पट्टीपुढे टाचा उचलून उभी. तिथल्या बाईने हसून तिचे खांदे हलकेच खाली दाबले. रडारड! मग आईने पिशवीतून थालीपीठ काढलं. घरच्यांना एकत्र ठेवून थरार वाढवणं मला फार आवडतं. एक जण वर, बाकीचे खाली हात हलवतायत.

नीरजा_के
मला बीपीमुळे बसता येत नाही. मुलं गेली की बॅगा धरून बाकावर.

मीनल_ठाणे
@नीरजा अगं, बीपी, हृदय, मान, गरोदरपण, यात अजिबात हट्ट नको. बॅगा धरणारं माणूस लागतंच. पुढच्या वेळी सासूबाईंना तुझ्या शेजारी बसवते, कंटाळणार नाहीस.

नीरजा_के
❤️ चालेल!

सातारी_तडका
पालीच्या गणपतीला जाताना वाटेतच आहे ना ते इमॅजिका? दर्शन करून जावं का आधी?

माळरान
हो, खोपोली-पाली रस्त्यावरच. दर्शन वेगळ्या दिवशी ठेवा, पार्कला अख्खा दिवस लागतो. आणि नायट्रो जेवणाआधी.

पोहेप्रेमी
आई विचारतेय कर्जतला वडा खायचा तो कधी मग?

मीनल_ठाणे
परतीला!! दोन जास्तीचे घ्या.