कामात असताना श्वास रोखला जातो, ही सवय कशी मोडू?

खडकवासलाकर: मी घरून काम करतो, रोज नऊ तास लॅपटॉपसमोर. परवा बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, श्वास घ्या की!" मेल लिहिताना मी श्वास धरून बसतो आणि मग उसासा टाकतो, हे तोवर लक्षातच आलं नव्हतं. खांदे कायम आखडलेले. सकाळी तोंडाला कोरड, जीभ टाळूला चिकटलेली. प्राणायामाचा वर्ग दोनदा लावला, पण पहाटेची वीस मिनिटं संपली की दिवस पुन्हा तसाच. दिवसभराचा श्वास सुधारलाय का कुणी?

सातारची बाई: दादा, मी शाळेत मराठी शिकवते. शेवटच्या तासाला माझं वाक्य अर्ध्यात तुटायचं, आवाज बसायचा. गाणं शिकायला गेले तर बाईंनी पहिल्या दिवशी सा लावूच दिला नाही. चटईवर उताणं झोपवलं आणि बेंबीवर तांदळाची पितळी वाटी ठेवली. "वाटी वर आली पाहिजे, छाती नाही." माझी वाटी हलेचना, गळ्याखालची हाडं मात्र वरखाली. तिसऱ्या आठवड्यात वाटी हलली, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

हवा पोटात जात नाही हो. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, खाली सरकतं, आतल्या अवयवांना जागा लागते म्हणून पोट पुढे येतं. झोपून जमलं की बसून, मग उभ्याने. मी फळ्यावर तारीख लिहिताना नाकाने एक सावकाश श्वास घेते, तास बदलला की पुन्हा. तुम्ही मेल पाठवायचं बटण दाबण्याआधी घ्या. वेगळा वेळ काढू नका, रोजच्या कामालाच बांधा.

आणि मोठमोठे श्वास ओढू नका. मी तेच केलं नि चक्कर आली, कारण कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. श्वास हळू हवा, मोठा नव्हे. एरवी आपण मिनिटाला 12 ते 20 श्वास घेतो. दूध तापेपर्यंत मी चार मोजून आत, सहा मोजून बाहेर करते, म्हणजे मिनिटाला सहाच. सोडताना कधी भ्रामरीसारखा गुंजारव करते. नाकाजवळच्या पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड हा रक्तवाहिन्या रुंदावणारा वायू तयार होतो. गुणगुणताना नाकातून तो साध्या उच्छ्वासाच्या 15 पटींपर्यंत बाहेर येतो, असं 2002 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी मोजलं. तोंडाने श्वास घेतला तर नाकातलं गाळणं, ऊब, ओलावा सगळंच हुकतं.

रात्रपाळी: सकाळच्या कोरडीकडे दुर्लक्ष नको. मीही तोंडाने श्वास घ्यायचो. तपासलं तर नाकाचा पडदा वाकडा. घोरता का, मध्येच श्वास थांबतो का, हे वहिनींना विचारा. हो म्हणाल्या तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. तोंडाला पट्टी लावायचे व्हिडिओ बघून प्रयोग करू नका, नाक बंद असेल तर जिवावर बेतेल.

खडकवासलाकर: ताई, काल वाटी ठेवली. मुलगी शेजारी बसून मोजत होती. दहातले तीनच श्वास पोटातून आले. आणि घोरण्याचं विचारलं, रात्रपाळी. बायको म्हणाली, मध्येच आवाज बंद पडतो नि मी दचकतो, म्हणून ती जागी राहते. इतकी वर्षं बोलली नव्हती. सोमवारी डॉक्टरांकडे जातोय.