मदत हवी आहे: विजयदुर्ग पायी फिरवून दाखवणारा माहितगार (फक्त किल्ला नको)

गलबत_७
जरा घाई आहे. येत्या शनिवारी आम्ही अकरा जण विजयदुर्गात आहोत. गावातून पायी फिरवून समजावून सांगणारा कुणी आहे का? गेल्या खेपेला जो भेटला त्याने तिन्ही तटांवरून पळवलं, साहेबाच्या ओट्यांपाशी (सूर्यग्रहण बघायला बांधलेले चौथरे) फोटो काढायला लावले आणि पाऊण तासात दरवाजाबाहेर आणून सोडलं. गोदीचं विचारलं तर म्हणे, "तिथं चिखल आहे नुसता." मला तो चिखलच बघायचा आहे हो! मराठा आरमाराच्या सरदारांची, म्हणजे आंग्र्यांची, धुळपांची गुराबा-गलबतं जिथे डागडुजीला यायची ती जागा न बघता आरमाराचं गाव बघितलं असं कसं म्हणायचं? गोदी, धुळपांचा वाडा, बंदर, गिर्येचा रामेश्वर आणि मग किल्ला, सगळं एका दिवसात हवं. कृपया लवकर सांगा.

कातळसडा
कुठून येताय? मुक्काम आहे की त्याच दिवशी परत? अकरांत म्हातारी माणसं, लहान मुलं किती? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

मालवणी_मासा
त्यापेक्षा मालवणला जा. होडीतून सिंधुदुर्ग, वर स्नॉर्केलिंग. आम्ही मागच्या दिवाळीत गेलो होतो, मुलं अजून नाव काढतात. राहण्याच्या जागांची यादी देऊ का?

गलबत_७
मालवण नकोय. विजयदुर्गच.
कणकवलीला उतरून गाडी करणार. बाबा ७४ वर्षांचे आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण त्यांचाच हट्ट आहे. त्यांचे आजोबा तांडेल होते.

तारांगण
ओटे टाळू नका! १८६८ च्या ग्रहणात इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरने तिथूनच हेलियम शोधला. जगाच्या विज्ञानातली एवढी मोठी गोष्ट आपल्या किल्ल्यावर घडली. दर १८ ऑगस्टला तिथे कार्यक्रमही होतो.

जुनी_बखर
हे थांबवा आता, कळकळीने सांगतो. १८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर भारतात नव्हताच. त्या दिवशी गुंटूरहून निरीक्षण केलं ते फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेनने. लॉकियरने ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. तो विजयदुर्गाला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तीही मोठीच गोष्ट आहे, मग चुकीची तारीख कशाला चिकटवायची?

तारांगण
आम्हाला शाळेत, गावात सगळीकडे हेच सांगितलं. पुरावा बघेन आणि मग बोलेन.

जुनी_बखर
जरूर बघा. धागाकर्ते, तुमच्या माहितगाराला दोन गोष्टी मुद्दाम विचारा. १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह चालून आले तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार नेमकं कुठे जळलं, आणि १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं 'रेंजर' जहाज कसं धरलं. यावर जो तासभर बोलेल तो खरा माणूस.

पेशवाई_प्रेमी
१७५६ मध्ये इंग्रजांच्या साथीने आपलंच आरमार बुडवल्याचा सगळा दोष नानासाहेब पेशव्यांच्या माथी मारतात. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता, हे कुणीच लिहीत नाही.

कातळसडा
त्यासाठी वेगळा धागा काढा, दादा. इथे माणसाला शनिवारी जायचंय.

पाऊणपट
मी खाडीपलीकडचा. माहितगाराआधी पाणी बघा. गोदी वाघोटण खाडीच्या काठाला कातळ खोदून केलेली आहे, लांबी साडेतीनशे फुटांच्या आसपास. आता गाळाने भरत आलीय. भरतीला गेलात तर नुसतं तळं दिसेल. पाणी उतरलं की कापलेल्या कातळाची कड सरळ रेषेत वर येते, खालचा हातभर भाग ओला काळा, वरचा तांबडा. ती कड दिसली की बाकी कुणी समजवायला लागत नाही. शनिवारी तिथी कुठली?

गलबत_७
तृतीया. पण तिथीचा काय संबंध?

पाऊणपट
तिथीला पाऊणाने गुणायचं. तीन पाऊणे सव्वादोन, म्हणजे भरती दुपारी सव्वादोनच्या सुमाराला. ओहोटी सकाळी आठला. अमावास्या-पौर्णिमा जवळ असल्याने उधाणाचं पाणी, चांगलं खाली जाईल. अष्टमीच्या भांगाला (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) आला असतात तर एवढं उतरलं नसतं. तेव्हा सगळे करतात त्याच्या उलटं करा. सकाळी आधी गोदी, मग रामेश्वर, ऊन चढायच्या आत वाडा, जेवून विश्रांती, आणि किल्ला चारनंतर.

कातळसडा
कणकवलीहून दोन तास सहज लागतात. आठला गोदीवर कसे पोचणार हे?

गलबत_७
शुक्रवारी रात्री गावातच मुक्कामाला आहोत, लिहायचं राहिलं. माफ करा.

पाऊणपट
मग प्रश्नच मिटला. गोदी किल्ल्यापासून तीनेक किलोमीटर आहे, बाबांना गाडीने न्या. खाली चिखलात उतरवू नका, काठावरून सगळं दिसतं. रामेश्वराला कातळ कापून केलेली वाट आहे, तिथे हात धरा. संभाजी आंग्र्यांची समाधीही तिथेच दाखवतात. गावातले एक निवृत्त गुरुजी हौसेने फिरवतात, त्यांना विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

जुनी_बखर
गुरुजी ओट्यांपाशी कुठलं साल सांगतात तेही विचारा.

पाऊणपट
१८९८ सांगतात. मी ऐकलंय.

गलबत_७
व्यनि मिळाला, गुरुजींशी बोलणंही झालं. पावणेआठला गोदीवर भेटू म्हणाले. बाबांना कळल्यापासून त्यांनी पिशवी भरून दाराशी ठेवलीय. एकच राहिलं, काठावर त्यांना बसायला काही आहे का, की घडीची खुर्ची घेऊन यावी?

पाऊणपट
घेऊन या.