तीस गुंठ्यांत मीठ फुटलंय, जिप्सम टाकू की पाइप?

ऊसवाला_वाळवा:
राम राम मंडळी. तीन एकर रान, सगळा ऊस. त्यातलं ओढ्याकडचं तीस गुंठे गेल्यात जमा. उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो, चाललं की पापड मोडल्यागत आवाज. वडिलांच्या वेळी तिथं हळद व्हायची. यंदाची लागण निम्मीच उगवली, उगवली ती पिवळी.

परवा विट्याला लग्नात पुण्याचा मेहुणा पंगतीत म्हणाला, "दाजी, खत स्वस्त, लाईट फुकट, ठिबकला अनुदान, आणि जमीन तुम्हीच नासवताय. पैसा आमच्या टॅक्सचा." मी जिलेबी गिळली. बोलणार काय, निम्मं खरं आहे. युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशाला मिळतं म्हणून एखादं जास्तीचं टाकतोच. खालच्या एकराला विहीर आहे, ५ एचपीचं बिल शून्य येतं, मग रात्रीची लाईट आली की मोटर सोडून झोपतो.

ठिबकही घेतलं, ८० टक्के अनुदानावर, वरच्या दोन एकराला. नळ्या आता गोठ्याच्या माळ्यावर उंदीर कुरतडतायत. तिथलं पाणी आमच्या पाणीपुरवठा संस्थेच्या स्कीमचं. पाळी वीस-बावीस दिवसांनी, पाणीपट्टी एकरावर. पाणी कमी घेतलं म्हणून पट्टी कमी होत नाही, आणि मधले दिवस ठिबक कशावर चालवू?

तर जिप्सम टाकू की पाणी काढायला जमिनीखाली सच्छिद्र पाइप? आणि वरच्या तिघांचं पाणी झिरपून माझ्यात येतंय, त्याचं काय?

माती_मिरज:
जिप्समची पोती आणायच्या आधी माती तपासा. क्षारयुक्त (मीठ साचलेली) आणि चोपण (सोडियमनं घट्ट झालेली) ह्या दोन वेगळ्या जमिनी. पांढरा थर म्हणजे बहुधा क्षारयुक्त. सामू (पीएच) ८.५ च्या आत असेल तर जिप्समचे पैसे मातीत गेले समजा, तिथं निचराच लागतो. सामू त्याच्या वर आणि सोडियम जास्त असेल तर जिप्सम. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात ह्याच विषयावर काम चालतं, जाऊन या. नुसता वरचा थर खरवडून नेऊ नका, एक फुटाचा आणि दोन फुटांचा नमुना वेगळा न्या.
पाइप टाकाल, पण पाणी सोडणार कुठं? ओढा गाळानं भरला असेल तर पाइपच्या तोंडाशीच तुंबेल. तोवर त्या तुकड्यात धैंचा (हिरवळीचं खत) करून गाडा, तो क्षार सोसतो.

जतकर:
हसू आलं आणि रागही. जिल्हा एकच. तुमच्याकडं पाण्यानं मीठ फुटतंय आणि आम्ही म्हैसाळ उपसा योजनेच्या पाण्याचं आवर्तन कधी येतंय म्हणून वाट बघतोय. आमच्या डाळिंबाच्या ठिबकला कुणी अनुदान दिलं नसतं तरी घातलं असतं, कारण शेततळ्यात आहे तेवढंच पाणी. पोत्यावर आणि लाईटवर पैसे उधळण्यापेक्षा पाणी मापून द्या म्हणावं. बघा नळ्या माळ्यावरून खाली येतात का नाही.

बोरगावची_सून:
जतकर दादा, मापून द्या म्हणणं सोपं. कारखाना टनावर पैसे देतो. टनेज घटलं तर सोसायटीचं कर्ज तुम्ही भरणार का?
आम्ही तीन वर्षं उसाचं पाचट जाळत नाही, रानातच कुजवतो. त्यावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट, ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू. पहिल्या वर्षी शेजाऱ्यानं त्याचं पेटवलं, त्यात आमचंही अर्धं गेलं. सासरे आठवडाभर बोलत नव्हते, माझ्याशी, शेजाऱ्याशी नव्हे! आता एखादी पाळी चुकली तरी खोडवा मान टाकत नाही. ठिबकाचं जमत नसेल तर दादा, एवढं तरी करून बघा.

ऊसवाला_वाळवा:
आभारी आहे. दोन्ही नमुने काढलेत, सोमवारी डिग्रजला निघतोय. रात्रीची मोटर बंद केली, आता चप्पल घालून स्वतः बारं धरतो. पाणी मापून द्यायचं संस्थेच्या सभेत काढणार आहे, शिव्या खाईन. वरच्या तिघांपैकी दोघं ओढा उकरायला पैसे घालतो म्हणाले. तिसरा म्हणतो, "मीठ तुझ्यात फुटलंय, माझ्यात नाही." त्याचं रान माझ्यापेक्षा दोन हात उंच आहे.