कोल्हापुरात बेकारी आहे, की कामाला माणूस नाही?

भट्टीवाला
शिरोली एमआयडीसीत आमच्या फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, गेटवर ‘मोल्डर, फेटलर, हेल्पर पाहिजेत’ असा बोर्ड दोन वर्षं लटकतोय. पावसानं ‘पाहिजेत’मधला ‘जेत’ धुऊन गेला, पण बोर्ड उतरवायची वेळ काही आली नाही. आत बघाल तर फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, बिहारचे, भट्टीवर ओडिशाचे. आणि आपली पोरं सकाळी अकराला कट्ट्यावर, ‘काम न्हाई’ म्हणून. सरकारच्या श्रमबल पाहणीत देशाचा बेकारीचा दर २०१७-१८ ला ६.१ टक्के होता, २०२३-२४ ला ३.२. मग बेकारी कुठाय? राग आला तर येऊ दे, आमच्या पोरांना घाम नको झालाय.

टर्नर_कळंबा
मी आयटीआय टर्नर, लेथ मशीनवरचा. गोकुळ शिरगावात एका कारखान्यात चार वर्षं काढली. त्यांच्या हजेरीपटावर माझं नाव कधीच नव्हतं, कंत्राटदाराच्या वहीत होतं. दर अकरा महिन्यांनी नवा कागद, म्हणजे चार वर्षांनीसुद्धा मी नवाच. पाळी बारा तासांची. कायद्यानं ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे, मला वरचे चार तास साध्या दरानं मिळायचे. बिहारचा गडी एका खोलीत सहाजणांत राहतो, वर्षातनं एकदा गावी जातो, त्याला चालतंय. मला आईला दवाखान्यात न्यायचं असतंय. दादा, ज्याला इथं घरदारच नाही असा माणूस तुम्हाला सोयीचा पडतो. घामाचं नाव कशाला घेता?

आकडेमोड
त्या ३.२ टक्क्यांवर फार विसंबू नका. एकतर तो देशाचा आकडा, कोल्हापूरचा नव्हे. दुसरं, त्या मोजणीत वर्षातले तीसेक दिवस काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात, घरच्या शेतात बिनपगारी राबला तरी. करवीर तालुक्यातला बी.कॉम. झालेला पोरगा वर्षभर अभ्यासिकेत भरतीची तयारी करतो आणि महिनाभर वडलांबरोबर उसाचा पाला काढतो. कागदावर तो कामाला लागलेला! त्याच पाहणीत १५ ते २९ वयोगटाचा दर १०.२ टक्के आहे, तो का नाही सांगितला?

भट्टीवाला
बरं, सांगायचा राहिला. पण माझ्या बाजूनं बघा. कास्टिंगचा, म्हणजे ओतीव मालाचा, दर गिऱ्हाईक कंपनी ठरवते, स्क्रॅपचा बाजार, आणि विजेचं बिल तर बघवत नाही. कागलच्या पलीकडं कर्नाटकात वीज स्वस्त पडते म्हणून कितीजण तिकडं डोळे लावून बसलेत. ओव्हरटाइम दुप्पट दिला तर माल कुणाला विकू?

राजारामपुरीची_आई
तुम्हा दोघांच्या भांडणात पोरी कुठंच नाहीत. माझी डिप्लोमा झालेली मुलगी हिंजवडीला आहे. इथं एका ठिकाणी ‘मशीनवर मुली घेत नाही, ऑफिसात बसशील का’ म्हणाले, तेही अर्ध्या पगारात. आयटी पार्क होणार हे ती शाळेत असल्यापासून ऐकतेय. हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी इथल्या वकिलांनी वर्षानुवर्षं लढा दिला, तेव्हा कुठं ऑगस्ट २०२५ ला ते सुरू झालं. आयटी पार्कला किती वर्षं धरायची?
आणि लग्नाचं बोला की. मुलगा ‘कंपनीत आहे’ म्हटलं की पाहुण्यांचा पुढचा प्रश्न, कायम का कंत्राटी?

भोंगा_६२
शाहू महाराजांनी १९०६ ला इथं सूत-कापडाची मिल काढली. आमचे वडील त्याच मिलमध्ये. भोंग्यावर घड्याळ लावायचे लोक, आणि मिलची नोकरी म्हणजे उधारीसुद्धा बिनघोर मिळायची. घाम तेव्हाच्या माणसालाही गाळावा लागायचाच की.

टर्नर_कळंबा
भट्टीवाले दादा, एकच विचारतो. बोर्डावर पगार का लिहीत नाही?

भट्टीवाला
लिहिला तर शेजारचा पाचशे वाढवून माझी माणसं ओढतो.

टर्नर_कळंबा
ओढू दे की. मग तुम्ही सहाशे वाढवा.