दुसऱ्यांची कीर्तनं ऐकून आपलं निरूपण कसं सुधारायचं?

गुरुजीबाई:
राम कृष्ण हरी. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि आसपासच्या सप्ताहांत कीर्तनसेवा करते. पुढच्या सेवेला तुकोबांचा 'पुण्य पर उपकार पाप ते परपीडा' घेणार आहे. यूट्यूबवर या अभंगाची ढीगभर कीर्तनं आहेत. ऐकायला बसले की त्यांचे दृष्टान्त, लकबी, अगदी 'बरं का मंडळी' म्हणायची ढबसुद्धा माझ्या तोंडात बसते. न ऐकावं तर पहिल्याच चरणात घोटाळायला होतं. ऐकावं पण नक्कल होऊ नये, यासाठी तुम्ही नेमकं काय करता?

टाळकरी नाना:
ताई, मी कीर्तनकार नव्हे, मागे टाळ घेऊन उभा राहणारा माणूस. पण एकच अभंग वेगवेगळ्या महाराजांकडून ऐकायचा योग आम्हालाच येतो, म्हणून बोलतो.

दृष्टान्त उचलू नका. तो पहिल्या रांगेतल्या आजीलाही पाठ असतो. एका चरणावरून दुसऱ्यावर माणूस कसा जातो, तो सांधा बघा. या अभंगात चरणाचरणाला जोडी आहे: पुण्य-पाप, सत्य-असत्य, गती-अधोगती, स्वर्ग-नरक. बरेच जण परउपकारावर पाऊण तास रंगतात, व्यासांचं 'परोपकारः पुण्याय' हे वचन प्रमाण, म्हणजे आधार म्हणून देतात आणि मग 'आता दुसरं चरण' म्हणत गाडी ढकलतात. तिथं लोक घड्याळ बघतात, आम्हाला मागून दिसतं ना. एका महाराजांनी मात्र परउपकाराची गोष्ट अशा जागी आणून सोडली, की कुणाचा तरी जीव वाचवायचा तर खोटं बोलावं लागणार. "आता हे पुण्य का पाप?" एवढंच विचारून ते गप्प. मंडपात कुजबुज सुरू झाली आणि त्यांनी मान हलवताच आम्ही 'सत्य तोचि धर्म' हे दुसरं चरण उचललं. ही जागा शिकण्यासारखी.

आधी अभंगावर तुमचं स्वतःचं टिपण लिहा, मोडकंतोडकं का होईना. मग एकच कीर्तन घ्या, पण अख्खं. त्यांची वाक्यं लिहायची नाहीत. चरण कधी लागलं, प्रमाण कुठं आलं, चाल कुठं धरली, हशा कुठं पिकला, एवढंच मिनिटांसकट मांडा आणि ते पान तुमच्या टिपणाशेजारी ठेवा. क्लिपांच्या नादी लागू नका. त्यांत विनोद तेवढा उरतो, त्याच्या आधीची बांधणी कापलेली असते.

साधक आळंदी:
नानांचं अर्धं पटलं. नकलेची एवढी धास्ती कशाला? जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून तिथल्या मुलांची भिस्त पाठांतरावरच आहे. गाथा, ज्ञानेश्वरी तोंडात नसेल तर सांधा जोडणार कशानं? सुरुवातीला लकब येते, येऊ द्या. पाठांतर वाढलं की उसनी ढब आपोआप गळते. ताई, या अभंगाला जोडीची दहा-वीस प्रमाणं आधी पाठ करा, मग यूट्यूब.

टाळकरी नाना:
पाठांतर हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण प्रमाणांची माळ ओवणारेही खूप ऐकलेत. लोक झोपतात.

वऱ्हाडचा पाहुणा:
गाडगेबाबांचं १९५६ साली मुंबईत ध्वनिमुद्रित झालेलं कीर्तन ऐका. त्याच वर्षी डिसेंबरात बाबा गेले. ते लोकांना प्रश्न विचारतात आणि उत्तर येईस्तोवर पुढं जात नाहीत. प्रश्न केवढासा, तर चार-पाच शब्दांचा. लहान पोरगंही उत्तर देईल असा. आपले कीर्तनकार प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देऊन मोकळे होतात. ताई, तुम्ही तर वर्गात रोज हेच करता. फक्त बाबांची बोली उचलू नका, त्याचं नाटक होतं.

गुरुजीबाई:
वर्गातलं कधी मंडपात नेलंच नव्हतं! नाना, एक अडलंय. सत्यावरून तिसऱ्या चरणावर, 'गति तेचि मुखीं नामाचें स्मरण', इथं कसं यायचं? सगळे जण इथं नाममहिमा नव्यानं सुरू करतात.

टाळकरी नाना:
खोटं बोलतं ते तोंड आणि नाम घेतं तेही तेच. तिथून वाट काढा, पुढचं तुमचं तुम्हाला सुचेल. आणि मृदंगवाल्याला आधीच सांगून ठेवा की इथं चाल मोठी घेणार आहे. नाहीतर निरूपण लांबतंय असं समजून तो पान लावत बसतो.