मदत हवी आहे : मॅशचा कॅल्क्युलेटर ८४ टक्के सांगतो, हाती ६८ च लागतात

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात राहते आणि नवी मुंबईतल्या एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत साहाय्यक म्हणून काम करते. कुठलीही नवी बिअर मोठ्या भांड्यांत करण्याआधी ती छोट्या संचावर करून पाहायची, हे काम गेल्या काही महिन्यांपासून माझ्याकडे आहे. (परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे आपल्या राज्यात कायद्यात बसत नाही, तेव्हा ती चर्चा कृपया या धाग्यावर नको.)

माझी अडचण मॅशच्या आकड्यांची आहे, म्हणजे भरडलेला माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) गरम पाण्यात भिजवून त्यातली साखर उतरवण्याच्या टप्प्याची. आधी मी जो कॅल्क्युलेटर वापरत होते, तो कार्यक्षमतेचा टक्का (माल्टमधल्या अर्कापैकी किती हाती लागतो ते) मलाच विचारायचा आणि मी घातलेल्या टक्क्यावरून ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) काढून द्यायचा. आपणच सांगितलेले आपल्यालाच परत ऐकवणाऱ्या या यंत्राला भाकीत म्हणायचे कसे, असा प्रश्न पडल्यावर मी दुसरा कॅल्क्युलेटर शोधला. तो माल्टचे वजन, पाण्याचे माप, चोथ्यात मुरणारे पाणी आणि भांड्याच्या तळाशी अडकणारे पाणी एवढे विचारतो आणि टक्का स्वतः काढतो. त्याचे गणित मी वहीत मांडून पाहिले आणि ते मला पटते. ५ किलो माल्टला १५ लिटर पाणी घातले, त्यातले साधारण ५ लिटर चोथा पिऊन बसतो आणि १ लिटर जाळीखाली राहतो. बाहेर येतात ९ लिटर, म्हणजे विरघळलेल्या साखरेचा ६० टक्के भाग. मागे उरलेल्या ६ लिटरांत धुण्यासाठी १४ लिटर गरम पाणी घातले की २० पैकी १४ लिटर निघतात, म्हणजे उरलेल्या ४० टक्क्यांपैकी २८ टक्के मिळतात. एकूण निचरा ८८ टक्के. त्यावर स्टार्चची साखर होण्याचे प्रमाण त्याने ९५ टक्के गृहीत धरले आहे, म्हणून मॅशची कार्यक्षमता ८४ टक्के आणि उकळण्यापूर्वी २३ लिटर वर्टची (मॅशमधून निघालेल्या गोड पाण्याची) ग्रॅव्हिटी १.०५४ असे त्याचे म्हणणे आहे.

प्रत्यक्षात ग्रॅव्हिटी १.०४४ भरली. माल्टचा अर्क (पाण्यात उतरू शकणारा भाग) कोरड्या वजनावर ८० टक्के आणि ओलावा ४ टक्के, हे पोत्यासोबतच्या तक्त्यातले आकडे धरले तर ५ किलोत ३.८४ किलो अर्क असायला हवा, आणि माझ्या वर्टमध्ये जेमतेम २.६३ किलो आहे. म्हणजे ६८ टक्के. सलग तीन खेपांना एखाददुसऱ्या टक्क्याच्या फरकाने हेच झाले आहे, त्यामुळे याला योगायोग म्हणवत नाही.

तुम्ही विचाराल त्या गोष्टी आधीच सांगते. ग्रॅव्हिटी मोजायचा हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेला आहे. आमच्या खोलीत एसी नाही आणि नमुना ३२ अंशांवर होता, तेव्हा दिसलेल्या १.०४१ मध्ये ०.००३ मिळवून मी १.०४४ धरले आहेत. भांड्यावरच्या खुणेनुसार वर्ट साडेतेवीस लिटर होते. ते ७० अंशांच्या आसपास असल्यामुळे सुमारे २ टक्के फुगवटा वजा केला. मॅश ६६ अंशांवर ६० मिनिटे ठेवला होता, थंड केलेल्या नमुन्याचा पीएच ५.५ होता. शेवटी पांढऱ्या बशीत वर्टचा थेंब घेऊन त्यावर मेडिकलच्या दुकानातले आयोडीन टाकले, तर ते निळे-काळे न होता तांबूसच राहिले. स्टार्च संपला असेल तर १६ टक्के गेले कुठे? यापुढे मी निचऱ्याचा आकडा कमी धरावा, की कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून सरळ ६८ लिहावेत? पुढची पाककृती साडेसात किलो माल्टची आहे, म्हणून हे आताच समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १

ताई, सरळ ६८ धरा आणि पुढे चला. प्रत्येक संचाचा स्वभाव वेगळा असतो आणि तीन वेळा तेच आले असेल तर तुमच्या संचाचा तो आकडा आहे.

प्रतिसाद २

वरच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. त्याच वजनाची तीच बिअर पुन्हा करायची असती तर ६८ चालले असते. साडेसात किलोला चोथाच साडेसात लिटर पिणार आणि उकळण्यापूर्वीचे २३ लिटर कायम ठेवायचे तर धुण्याला पाणी कमी उरणार. पहिल्या पाण्याला १८.७५ लिटर आणि धुण्याला १२.७५ लिटर धरून तुमच्याच पद्धतीने मांडून पाहा, निचरा ८८ वरून ८२ वर येतो. म्हणून रूपांतर (स्टार्चची साखर होणे) आणि निचरा हे दोन आकडे वेगळे ठेवायलाच हवेत, आणि कुठला बिघडला आहे हे पहिल्या वर्टच्या ग्रॅव्हिटीवरून कळते. धुण्याचे पाणी घालण्याआधी, मॅश नीट ढवळून, रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबभर वर्टवरून साखर मोजणाऱ्या उपकरणावर) काय दिसले होते?

आयोडीनच्या चाचणीवर फार विसंबू नका. ती द्रवातल्या स्टार्चबद्दल सांगते. न फुटलेल्या दाण्याच्या पोटातल्या स्टार्चपर्यंत ना पाणी पोहोचलेले असते ना आयोडीन. पोते कधी उघडले आणि माल्ट कुठे भरडता, तेही लिहा.

धागाकर्तीचे उत्तर

आपले आभार. वहीत पहिल्या वर्टची नोंद सापडली : १७ ब्रिक्स (वजनाने शेकडा साखर). वर्टसाठी १.०४ ने भागून १६.३ येतात. सगळा अर्क विरघळला असता तर ५ किलो आणि १५ लिटरला २०.२ यायला हवे होते. म्हणजे रूपांतरच ७७ टक्के आहे आणि त्याला ८८ ने गुणले की बरोबर ६८ येतात. निचऱ्यावर मी उगाच संशय घेतला.

पोते जूनमध्ये उघडले होते आणि तोंड सुतळीने बांधून कोपऱ्यात ठेवले होते. आज दोन दाणे चावून पाहिले. ते कुरकुरीत तुटायच्या ऐवजी उघड्या डब्यातल्या पापडासारखे सादळले आहेत. चोथा ताटात पसरला तर मूठभर दाणे चपटे झालेले, पण अखंड दिसले. एक नखाने सोलला आणि आत कोरडी पांढरी पिठी निघाली, तासभर गरम पाण्यात बुडून राहिल्यावरसुद्धा.

प्रतिसाद २

मग दोन्ही चोर सापडले. सादळलेला दाणा रोलरमध्ये फुटत नाही, दबतो. आणि ओलाव्याचे वजन तुम्ही माल्ट म्हणून मोजता. १०० ग्रॅम भरड १०५ अंशांवर तीन तास सुकवून पुन्हा वजन करा आणि रोलरमधले अंतर फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, मिलवरच्या खुणेवर जाऊ नका.

धागाकर्तीचे उत्तर

१०० ग्रॅमचे ९२ भरले, म्हणजे ओलावा ८ टक्के. त्यामुळे ५ किलोत अर्क ३.८४ नसून ३.६८ किलोच होता आणि माझे ६८ टक्के खरे तर ७१ होते. रोलरमध्ये १ मिलिमीटर अंतर आहे अशी माझी समजूत होती, ते १.३ निघाले. ते १ वर आणून त्याच पोत्यातले ५ किलो काल पुन्हा केले. पहिले वर्ट १८.४ ब्रिक्स, म्हणजे दुरुस्तीनंतर १७.७ आणि रूपांतर ९० टक्के. हा आकडा आणि नवा ओलावा घातल्यावर कॅल्क्युलेटरने १.०४९ सांगितले होते, हायड्रोमीटरवर दुरुस्तीनंतर १.०४८ आले. निचऱ्याला मात्र पंचवीसऐवजी पन्नास मिनिटे लागली, कारण बारीक भरडीने जाळी गच्च बसली होती आणि मधे एकदा हलक्या हाताने ढवळावे लागले.

साडेसात किलोसाठी ८२ आणि ९० चा गुणाकार करून ७४ टक्के धरले आहेत. त्यासाठी नवे पोते मागवले आहे आणि ते ठेवायला घट्ट झाकणाचे पिंप आजच धुऊन उन्हात ठेवले आहे.