प्रतिसाद: राखीव जागा वाढवून भागेल?

वर म्हटलंय की प्रत्येक पे अँड पार्कमध्ये दिव्यांगांसाठी राखीव जागा वाढवा. वाढवाव्यातच. पण आहेत त्या जागांची रुंदी आधी मोजून बघा. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत 3.6 मीटर रुंदी सांगितली आहे, ती उगाच नाही. गाडीचं दार पूर्ण उघडून शेजारी व्हीलचेअर लावायची, मग माणसाने त्यात सरकायचं, याला तेवढी जागा लागतेच. नेहमीच्या चौकटीत नुसतं चिन्ह रंगवलं तर माझ्या वडिलांना गाडीतून उतरताच येत नाही. आधी रस्त्यात उतरवावं लागतं, मागचे हॉर्न वाजवत असतात. फार संताप येतो.

कायदा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 44 नुसार सुगम्यतेचे (दिव्यांगांना सहज वापरता येण्याचे) नियम न पाळणाऱ्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. दाखल्याआधीच्या तपासणीत पार्किंगला टेप लावून मोजलंच पाहिजे. आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात (सार्वजनिक जागांच्या सुगम्यतेबद्दलची याचिका) केंद्राला स्पष्ट सांगितलं, की नुसती मार्गदर्शक तत्त्वं पुरत नाहीत, सक्तीचे किमान नियम करा.

दुसरं, ओळखपत्र. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, खिशात असतं, बाहेरून गाडी बघणाऱ्या वॉर्डनला काय कळणार? ब्रिटनमध्ये ब्लू बॅज, म्हणजे दिव्यांगांचा पार्किंग परवाना, काचेमागे दिसेल असा ठेवतात, आणि तो गाडीला नव्हे, व्यक्तीला मिळतो. म्हणजे मुलाच्या गाडीतून गेलं काय किंवा टॅक्सीने, चालतो. आपल्याकडे यूडीआयडीसोबतच असा बॅज द्यायला हवा.